तापणारी चाकं आणि शिंप्याचा खडू

शिंप्याच्या घरात जळका वास म्हणजे मोठा गुन्हा. भाजी करपली तर लोक नाक मुरडून जेवतात. पण कापड करपल्याचा नुसता भास झाला, तरी घरातलं माणूस असेल तिथून उठून इस्त्रीकडे धावतं. म्हणूनच त्या रविवारी सकाळी, टेकडी चढणाऱ्या व्हॅनमध्ये, मागच्या सीटवरून भुंगी एकदम म्हणाली, "बाबा, इस्त्री चालू राहिली."

बाबांचा हात आधी खिशाकडे गेला, जणू इस्त्री खिशातच होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की दुकान कुठल्या कुठे मागे राहिलंय आणि वास तर इथेच, नाकाशी येतोय. तोवर आईने आरशात पाहिलं होतं. व्हॅनच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर आजोबांची होडी, आणि होडीच्या खाली, दोन्ही चाकांपाशी, निळसर धुराची रेघ.

आईने गाडी कडेला घेतली. "अहो, हँडब्रेक लावा," ती म्हणाली, आणि बाबांनी नेहमीप्रमाणे उतरून आधी ट्रेलरचा हँडब्रेक खसकन ओढला. या घरात गाडी थांबली की पहिलं काम ते. मग बाबा पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले, तेव्हा आईने त्यांना हाताला धरून मागे ओढलं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर ते तडकतं, हे तिला ठाऊक होतं. मग तिघंही रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली आणि चाकांकडे पाहत राहिली; चाकं नुसती धुमसत होती.

असं होण्याची ही दुसरी वेळ होती.

भुंगीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. ती सतत काही ना काही विचारत कानाशी भुणभुण करते म्हणून बाबांनी तिला भुंगी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच. बाबा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. आई घरोघरी सामान पोचवणारी व्हॅन चालवायची. आणि होडी आईच्या वडिलांची. आजोबा सुतार. म्हातारपणी, हौसेने, त्यांनी ती फळी फळी जोडून स्वतः केली होती. पण होडी पुरी होते न होते तोच त्यांचा गुडघा गेला, त्याचं ऑपरेशन झालं, आणि ते टेकडीपलीकडे तळ्याकाठच्या लहानशा घरात धाकट्या मुलाकडे राहायला गेले. होडी राहिली इकडे. सुरुवातीला एकदा ती तळ्यावर नेली होती तेव्हा आजोबांना नेमका ताप होता. खिडकीतून त्यांनी ती लांबून पाहिली, एवढंच. स्वतः केलेल्या होडीत ते अजून एकदाही बसले नव्हते. आता गुडघा बरा होता. मागच्या खेपेला ते काठावर टोपी घालून दुपारपर्यंत वाट पाहत बसले होते, आणि आजही बसले असतील.

चाकं निवल्यावर आईने बाबांना हँडब्रेक सोडायला सांगितला. उजव्या हाताला मोकळी जागा होती, तिथे गाडी वळवली, आणि गोगलगायीच्या चालीने सगळे घरी परत आले. घरासमोर थांबल्यावर आई स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या रविवारी शेवटचं. परत धूर निघाला तर होडी त्या हॉटेलवाल्याला देऊन टाकायची."

हॉटेलवाला कधीपासून मागे लागला होता. त्याला होडी दारात उभी करून त्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या.

"कुंड्या?" भुंगी म्हणाली. "आजोबांच्या होडीत?"

आईने मान वळवली नाही. ती एवढंच म्हणाली, की मागे धूर आणि गाडीत पोर, असं घेऊन टेकडी चढणं तिला झेपत नाही. आवाज कडक होता, पण डोळ्यांत पाणी होतं. होडी शेवटी तिच्या वडिलांची होती.

भुंगी खाली उतरली आणि सवयीने चाकापाशी गेली. हाताची मागची बाजू चाकाजवळ नेली. गरम वाफ नाही. मग जरा धीर करून बोट टेकवलं. चाक गार होतं, उन्हात ठेवलेल्या कपाइतकं कोमट म्हणा फार तर.

ती तिथेच उभी राहिली. जाताना जितका रस्ता, येतानाही तितकाच. जाताना होडी होती, येतानाही होती. मग जाताना चाकं पेटायला आली आणि येताना गार कशी? तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, येताना उतार होता. पण उतारावर तर ब्रेक जास्त लागतो, मग जास्त तापायला नकोत का? बाबांनी सुईत दोरा ओवल्यासारखे डोळे बारीक केले आणि मग प्रामाणिकपणे म्हणाले की हे काही आपल्याला कळत नाही बुवा. उद्या पानेकाकांकडे जाऊ.

पानेकाकांचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. त्यांच्या कमरेला चामडी पट्टा आणि पट्ट्यात लहानमोठे पाने, म्हणून ते पानेकाका. जेवायला बसले तरी पट्टा सोडत नाहीत, असं काकू म्हणायच्या. बोलायला मोकळे, आणि मुलांनी प्रश्न विचारले तर खूश होणारे. भुंगीला ते गॅरेजात उलटी बादली देत आणि म्हणत, बसा इंजिनिअरसाहेब.

त्यांनी ट्रेलर जॅकवर उचलला. हाताने चाक फिरवलं. चाक गरगर फिरत राहिलं, आपल्याच नादात, कुठे अडकणं नाही की घासणं नाही. मग त्यांनी दोन्ही चाकं खोलली. बेअरिंगमधलं ग्रीस चिमटीत घेऊन भुंगीला दाखवलं. होडीच्या ट्रेलरची चाकं पाण्यात उतरतात, ते म्हणाले. आत पाणी शिरलं की ग्रीस दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं, आणि मग बेअरिंग कोरडं पडून तापतं. हे ग्रीस मात्र स्वच्छ होतं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक थांबवायला आतून घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमच्या आत जिथे असायला हवेत तिथे होते, पण त्यांच्यावर आरशासारखी चकाकी आली होती. घासून घासून तापलेत, काका म्हणाले. पण का घासतायत, ते काही हे सांगत नाहीत. लायनर मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा चांगल्या होत्या. काकांनी लायनरची चकाकी खरखरीत कागदाने घासून काढली, सगळं परत बसवलं आणि ट्रेलर आपल्या जीपला लावून मोठ्या रस्त्याने एक लांब फेरी मारून आणली. परत आले ते हसतच.

"माझ्याकडे गुणी बाळ," ते म्हणाले. "मास्तर, तुमच्याकडे गेलं की याला ताप येतो. काही बदललंत का तुम्ही यात? काही नवीन लावलंत, काही काढलंत?"

बाबांनी अगदी मनापासून आठवून पाहिलं. "काही नाही हो. लावलं नाही, काढलं नाही. हात म्हणून लावला नाही."

भुंगीने काकांना विचारलं, की ताप नेमका कुठे आहे हे कसं कळतं. हा प्रश्न काकांना फार आवडला. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश सांगू लागले. चाकाचा मधला टोपीसारखा भाग तापला तर दुखणं बेअरिंगचं. त्याच्याभोवतीचा ड्रम तापला तर दुखणं ब्रेकचं. नुसता टायर तापला तर हवा कमी. एकच चाक तापलं तर त्या चाकातच काहीतरी. दोन्ही सारखीच तापली तर दोघांच्या वर बसलेला कोणीतरी खोडी काढतोय. वर कोण बसलंय? पुढे, व्हॅनच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची टोपी बसते ना, तिच्या मागे एक सरकणारा दांडा आहे. व्हॅनने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, दांडा मागे सरकतो आणि दोन्ही चाकांचे ब्रेक आपोआप लागतात. तो दांडा काकांनी हाताने दाबून दाखवला. दाबला की जात होता, सोडला की परत येत होता, त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

"मग कुठे तापतंय ते आधी बघायला हवं," भुंगी म्हणाली.

"बघणार कशी? हात लावशील तर फोड येतील."

भुंगीला उत्तर येत होतं. शिंप्याच्या मुलीलाच ते येणार. बाबा कापडावर खुणा करायला दोन तऱ्हेचे खडू वापरायचे. एक मातीचा, झटकला की जाणारा. दुसरा मेणाचा, त्याची रेघ झटकून जात नाही, पण गरम इस्त्री फिरली की वितळून नाहीशी होते. चाकाच्या टोपीवर एक रेघ, ड्रमवर एक, टायरवर एक. ज्याची रेघ गेली, तो तापला.

काकांनी पट्ट्यावर थाप मारली आणि आपल्याला हे इतक्या वर्षांत सुचलं नाही म्हणून स्वतःलाच एक शिवी दिली, हलकीशी, मुलांसमोर चालेल अशी.

गुरुवारी आईला काम कमी होतं. तिने व्हॅनला ट्रेलर जोडला, बाबांनी व्हॅनपासून ट्रेलरच्या हँडब्रेकपर्यंतची सुरक्षेची तार हुकात अडकवली, भुंगीने दोन्ही चाकांवर मेणखडूच्या रेघा ओढल्या, आणि तिघं मोठ्या रस्त्याने थेट गोदामांपर्यंत गेली. तिथल्या पटांगणात उजवीकडून मोठा वळसा घालून परत. घराशी येऊन भुंगीने पाहिलं तर रेघा जशाच्या तशा.

बाबांचा जीव भांड्यात पडला. काकांच्या हाताला यश आहे, ते म्हणाले. आईसुद्धा जरा हसली आणि आजोबांना फोन करायला आत गेली, की रविवारी टोपी घालून तयार राहा. भुंगी मात्र पायरीवर बसून राहिली. काकांनी सगळं खोललं आणि परत बसवलं, लायनर थोडे घासले, बाकी बिघडलेलं काही सापडलंच नव्हतं. औषध दिलं नाही आणि ताप गेला. असा गेलेला ताप परत यायला किती वेळ लागतो? तिने हे आईला विचारलं असतं तर आईचं हसू मावळलं असतं. म्हणून ती पहिल्यांदाच काही न विचारता जेवली, आणि बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी दुपारी दुकानात शिट्टीवाले काका आले. हे चौकात उभे राहून गाड्यांना थांबा-चला करणारे वाहतूक पोलीस. नवा गणवेशाचा शर्ट परवाच घेऊन गेले होते, आज तोच घालून आले होते आणि चेहऱ्यावर तक्रार होती. शर्ट बसत नाही म्हणाले. बाबांनी त्यांना आरशासमोर उभं केलं. खांदे पाहिले, पाठ पाहिली, कमरेत खोचलेला घेर पाहिला. कुठे चुणी नाही, कुठे फुगा नाही. चष्म्यावरून बघत बाबा म्हणाले, साहेब, हा तर अंगावर ओतल्यासारखा बसलाय.

"सरळ उभं राहिलं की बसतोच हो," शिट्टीवाले काका म्हणाले. "पण मी काय चौकात पुतळा म्हणून उभा असतो?" आणि त्यांनी डावा हात गाड्या अडवतात तसा झपकन वर केला. हाताबरोबर अख्खा शर्ट वर आला, डाव्या बाजूने पट्ट्यातून निसटला आणि बनियन दिसायला लागलं. त्यांनी हात खाली घेतला. हात खाली आला, शर्ट मात्र पुन्हा पट्ट्यात गेला नाही, तसाच लोंबत राहिला.

बाबांनी जीभ चावली. काखेत ढील कमी पडली होती. हात वर जायला जास्तीचं कापड लागतं, ते काखेतून मिळालं नाही की माणूस ते कमरेतून ओढून घेतो, असं ते भुंगीला नेहमी सांगायचे, आणि स्वतःच विसरले होते. ते टाचण्या शोधू लागले.

भुंगी काजं करत होती. तिची सुई हवेतच थांबली. सरळ उभं राहिलं की बसतं. गुरुवारी आपण सरळच गेलो होतो. पानेकाकासुद्धा मोठ्या रस्त्याने सरळच जाऊन आले होते. आणि तळ्याकडे जाताना पाण्याच्या टाकीपाशी रस्ता कोपरासारखा डावीकडे दुमडतो; येताना तेच वळण उजवं होतं. तापलं ते त्या वळणानंतर. परत येताना नाही.

तिने सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. शिट्टीवाल्या काकांना तिने फक्त एकच विचारलं, उजवा हात वर केला तर काय होतं? त्यांनी शर्ट नीट खोचून करून दाखवला. शर्टाची उजवी बाजू वर आली, डावी जागेवर. "ज्या अंगाचा हात वर करावा त्याच अंगाला ओढतं," ते म्हणाले, आणि भुंगी चपला न घालताच पानेकाकांकडे पळाली.

संध्याकाळी शाळेमागच्या रिकाम्या मैदानात चौघंजण जमली. आई व्हॅनमध्ये, मागे होडीसकट ट्रेलर, तार हुकात. पानेकाकांनी भुंगीला बऱ्याच अंतरावर उभं केलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे ती उत्सुकतेने चाकाखाली जाऊ नये. बाबा दुसऱ्या बाजूला. भुंगीने सांगितलं होतं तसं आईने सरळ थोडं पुढे घेतलं. काही नाही. मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून, मुंगीच्या पावलाने, टाकीपाशी वळते तशी वळली. व्हॅनचं तोंड डावीकडे गेलं, मागची उजवी बाजू ट्रेलरपासून लांब गेली, आणि मैदानातल्या शांततेत आवाज झाला.

कट्.

भुंगीचे कान टवकारले. काकांचा हात तिच्या खांद्यावर घट्ट झाला. आई व्हॅन सरळ करून थांबली आणि खिडकीतून, रोजच्या सवयीने, म्हणाली, "अहो, हँडब्रेक लावा."

बाबांनी पाऊल टाकलंसुद्धा.

"बाबा, हात लावू नका," भुंगी म्हणाली.

बाबा वाकलेल्या अवस्थेतच थांबले. सगळे हळूहळू जवळ आले, जसं झोपलेल्या मांजरापाशी जावं. ट्रेलरच्या हँडब्रेकचा दांडा पूर्ण खाली हवा होता. तो खाली नव्हता. एकच दाता वर चढला होता, इतका थोडा, की कोणी सांगितलं नसतं तर दिसला नसता. काकांनी एका बाजूचं चाक जॅकवर उचलून फिरवलं. सोमवारी गरगर फिरणारं चाक खर्र करून घासलं आणि अर्ध्यावर थांबलं.

काकांनी मग सुरक्षेच्या तारेला बोट लावलं. आता ती सैल होती, अगदी निष्पाप. तिचं काम सगळ्यांना माहीत होतं: चुकून ट्रेलर व्हॅनपासून सुटला, तर ही तार ताणली जाते, हँडब्रेक ओढते आणि ट्रेलर जागीच थांबवते. हुक व्हॅनच्या उजव्या बाजूला होता. डावीकडे वळलं की हुक लांब जातो, आणि तारेत ढील नसली की ती बिचारी समजते, ट्रेलर सुटला. ओढते हँडब्रेक. व्हॅन सरळ झाली की तार सैल पडते, पण दांडा दात्यात अडकलेला तसाच राहतो, शिट्टीवाल्या काकांच्या लोंबत्या शर्टासारखा. मग टेकडीभर ब्रेक घासत चढायचं. आणि धूर दिसला की गाडी थांबवून आपण काय करतो? हँडब्रेक पूर्ण ओढतो. चोर कुठून आला त्या खुणा आपणच आपल्या हाताने पुसतो.

"आणि निघताना तो पूर्ण सोडतो," आई सावकाश म्हणाली. "म्हणून येताना गार."

"पण मी नेलं तेव्हा..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी मानेमागे खाजवलं. जवळच जायचं म्हणून त्यांनी तार अडकवलीच नव्हती. तसं करू नये, हे त्यांनी भुंगीकडे पाहून सांगितलं, आणि मग स्वतःलाच पुन्हा एकदा सांगितलं.

राहिला प्रश्न, तार आखूड का? तारा काही धुतल्यावर आटत नाहीत. भुंगी गुडघ्यांवर बसून तारेच्या कडेकडेने बोट फिरवत गेली. हँडब्रेकच्या दांड्यापाशी तिचं बोट थांबलं. तिथे तारेला दोन वेढे दिले होते आणि ते वेढे मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याने, बारीक, सारख्या अंतराच्या टाक्यांनी असे शिवून टाकले होते, की ते मुळातच तसे असावेत असं वाटावं. असे टाके त्या गावात एकच माणूस घालत असे.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा टाक्यांकडे पाहत होते.

त्यांना आठवलं. होडी पहिल्यांदा तळ्यावर नेऊन आणली तेव्हा तार रस्त्याला घासत होती. लोंबता धागा दिसला आणि बाबांनी तो तसाच सोडला, असं कधी घडलंच नव्हतं. लग्नाला गेले तर नवऱ्या मुलाच्या बाहीचा धागासुद्धा ते हळूच तोडून येत. त्यांनी तार दुमडून, वेढून, शिवून नीटनेटकी केली होती, आणि हात पुसून विसरून गेले होते. पानेकाकांनी विचारलं तेव्हा ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी त्यांनी काही बदललं नव्हतं. आवरलं होतं, एवढंच.

"दोन्हीकडे मीच," बाबा म्हणाले. "शर्टातही आणि इथेही."

आई व्हॅनमधून उतरली. भुंगीला वाटलं, आता काही खरं नाही. पण आईने वाकून ते टाके पाहिले, अंगठ्याने त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाके मात्र सुरेख घातलेत हो." मग तिला हसू आवरेना. त्या हसण्यात गेल्या दोन रविवारांची धास्ती होती. तिचं हसू पाहून बाबाही हसले, आणि पानेकाकांनी पट्ट्यातून सगळ्यात लहान पाना काढून, दोरा उसवायला चालेल का, असं गंभीरपणे विचारलं.

दोरा बाबांनीच उसवला, घरी, दिव्याखाली, एकेक टाका. मग पेच उरला: तार मोकळी सोडली तर रस्त्याला घासून झिजणार, आवळली तर ब्रेक ओढणार. बाबांनी भुंगीला विचारलं, तूच सांग, काखेत ढील द्यायची म्हणजे कापड लोंबत ठेवायचं का? नाही, ती म्हणाली. लागेल तेव्हा मिळायला हवं, नको तेव्हा दिसायला नको. मग दोघांनी मिळून तारेला गोळ्याच्या जवळ एका रुंद कडीतून ओवलं. सरळ उभं असताना तिची झोळी जमिनीच्या वर राहत होती, आणि मैदानात नेऊन डावीकडे पूर्ण वळवून पाहिलं तेव्हा ती झोळी उलगडली, पण ताणली गेली नाही. कट् असा आवाज ऐकायला सगळे कान लावून उभे होते. तो आला नाही.

तरी रविवार अजून व्हायचा होता. आईने हॉटेलवाल्याला नको म्हणून कळवलं नव्हतं. चाकं बोलतील तेव्हा मी बोलेन, ती म्हणाली.

निघण्याआधी भुंगीने मेणखडूच्या रेघा ओढल्या. टाकीपाशी आईने वेग कमी केला आणि डावीकडे वळली. बाबा खिडकीबाहेर नाक काढून बसले होते. टेकडीच्या मध्यावर, जिथे मागे धूर दिसला होता, तिथे आई थांबली.

"अहो," ती म्हणाली आणि जीभ आवरली. "चाकाला दगड लावा."

बाबांनी दगड लावले. पानेकाकांनी बजावलं होतं, की तापलेला ब्रेक आवळून ठेवू नये आणि पुरावाही पुसू नये. भुंगीने आधी दांडा पाहिला. पूर्ण खाली. मग चाकं. टोपीवर रेघ, ड्रमवर रेघ, टायरवर रेघ, थोड्या धुळीने मळलेल्या, पण जागच्या जागी. दुसऱ्या चाकापाशीही तेच. तिने उठून आईकडे पाहिलं, मान हलवली, आणि आईने तिथेच, टेकडीवर, फोन काढला. हॉटेलवाल्याला तिने फार गोड आवाजात सांगितलं, की कुंड्यांसाठी त्यांनी दुसरं काही बघावं, जुनी बाथटबं फार छान दिसतात म्हणे.

आजोबा काठावर टोपी घालून उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. ट्रेलर उताराला लागला तसा त्यांनी हात वर केला. "जावईबापू, थांबा. गरम चाक गार पाण्यात घालायचं नाही. आतली हवा आकसते आणि बेअरिंग पाणी पितं." ते लंगडत आले, चाकाच्या टोपीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. मग ड्रमवर. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "हे तर माझ्या हातापेक्षा गार आहे. आणि या रेघा कसल्या?"

भुंगीने सांगायला सुरुवात केली. शर्टापासून केली, म्हणून आजोबांना आधी काहीच कळेना. पण ते सुतार होते, अर्ध्यात टोकणारे नव्हते. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी सगळं ऐकलं. टाक्यांची गोष्ट आली तेव्हा बाबा उगाचच दोरखंड तपासायला निघून गेले.

चाकं पाण्यात गेली. होडी ट्रेलरच्या पाठीवरून उचलल्यासारखी हलकी झाली आणि सुटी झाली. बाबांनी एका बाजूने, आईने दुसऱ्या बाजूने धरून आजोबांना आत बसवलं. ते बसताच होडी थोडी त्यांच्या बाजूला कलली आणि सावरली. आजोबांनी दोन्ही हात कडेच्या फळीवर ठेवले. त्यांची बोटं फळीच्या जोडावरून फिरत होती, जसं बाबा शिवणीवरून फिरवतात.

भुंगी समोर बसली. पाणी नितळ होतं. खाली ट्रेलरचं चाक दिसत होतं, आणि त्याच्यावरची पांढरी रेघ, पाण्यात जरा वाकडी झालेली.

"आजोबा," ती म्हणाली, "रेघ मी सरळ काढली होती. मग ती वाकडी का दिसते?"

आजोबांनी वल्हं पाण्यात बुडवलं आणि तिला म्हणाले, "हे बघ, हेही मोडल्यासारखं दिसतंय. आता मी सांगू, का तू शोधतेस?"

भुंगी पाण्यावर वाकली. "शोधते," ती म्हणाली.